चरबीची बोली

‘अंगावर चरबी चढली’ म्हणजे माज आला, असे आपण सहज बोलून जातो. शब्दांशी खेळणाऱ्या माझ्यासारख्याला ही म्हण खटकते. शास्त्रज्ञही बराच काळ चरबीला नुसते कोठार समजत होते: उरलेले साठवायचे, उपासमारीत काढायचे.

१९४९ साली अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत काही उंदीर जन्मजात लठ्ठ निघाले. पुढे तिथल्याच डग्लस कोलमन यांनी अशा उंदराचे रक्ताभिसरण निरोगी उंदराशी जोडले, तर लठ्ठाचे खाणे कमी झाले. ‘आता पुरे’ हा निरोप रक्तातून येत असावा, हे त्यांनी ताडले. १९९४ मध्ये न्यूयॉर्कला जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला त्या निरोपाचा जनुक सापडला. निरोप धाडणारी होती खुद्द चरबी! त्या संप्रेरकाचे नाव ‘लेप्टिन’. ग्रीक ‘लेप्टोस’ म्हणजे सडपातळ. त्या उंदरांत निरोपच नव्हता. लठ्ठ माणसांत बहुधा तो भरपूर असतो, पण मेंदू दाद देत नाही.

चरबीचे इतरही निरोप असतात. ती फार वाढली की शरीरात मंद दाह राहतो, इन्सुलिन वाढते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या चरबीतच इस्ट्रोजेन तयार होते. यातून काही पेशींना वाढीची चिथावणी मिळते. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तेरा कर्करोगांचा संबंध अतिरिक्त चरबीशी जोडला. प्रत्येक लठ्ठ माणसाला कर्करोग होतो असे नव्हे; धोका वाढतो.

म्हणून ‘माज’ हा शब्द आधी काढून टाकू या. हिणवलेला माणूस दवाखान्याची पायरी चढायला कचरतो, आणि उशीर तिथेच होतो.