पशुवैद्यकाच्या दारावरील परीक्षा

घरांतल्या मुलाला डॉक्टर व्हावयाचें असलें, तर त्यानें अकरावीला कोणते विषय घ्यावे, हें आपल्या सुशिक्षित घरांतून आजीलाहि ठाऊक असतें. परंतु तोच मुलगा 'मला गुरांचा डॉक्टर व्हावयाचें आहे' असें म्हणाला, तर प्रथम थोडें हसूं होतें, आणि मग त्या विद्येच्या दाराशीं काय विचारतात, हें कोणालाच नीट सांगतां येत नाहीं. आज मला त्या दाराचीच कथा सांगावयाची आहे. तें उघडून अडीचशेंहून अधिक वर्षें झालीं. तेथें उभ्या राहिलेल्या मुलाला विचारले जाणारे प्रश्न या काळांत कसे बदलले आणि कां बदलले, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे. तो सांगण्यास मला एक खासगी कारणहि आहे. तें मीं शेवटासाठीं राखून ठेविलें आहे.

प्राचीन काळीं आपल्याकडे अश्ववैद्यकाचें शास्त्र होतें. शालिहोत्राचें नांव त्याच्याशीं जोडलेलें आहे, आणि घोड्यांच्या वैद्यास 'सलोत्री' म्हणण्याची चालहि त्यावरूनच पडली. यूरोपांत हें काम बहुधा नालबंदाकडे असे. जो घोड्याच्या खुराला नाल ठोकी, तोच त्याच्या पोटदुखीला औषध देई. विद्या बापाकडून मुलाकडे जाई. प्रवेशाची अट एकच, ती म्हणजे त्या घरांत जन्म घेणें. घोड्यांपुरतें हें कसेंबसें चाले. परंतु अठराव्या शतकांत यूरोपभर गुरांचा महारोग पुन्हां पुन्हां पसरला. आपल्याकडे ज्याला बुळकांड्या म्हणत, तोच हा रोग. गोठेच्या गोठे ओस पडूं लागले, तेव्हां नालबंदाची पिढीजाद विद्या तेथें हतबल ठरली.

अशा वेळीं फ्रान्समध्यें लियों शहरांतील अश्वारोहण-शाळेचा प्रमुख क्लोद बूर्जला यानें राजाज्ञा मिळवून १७६१ सालीं पशुवैद्यकाच्या शाळेची स्थापना केली, आणि १७६२ च्या फेब्रुवारींत ती सुरू झाली. जगांतील या विषयाची ही पहिली शाळा. तिच्यांत आलेलीं मुलें बहुतेक नालबंदांचीं व शेतकऱ्यांचीं होतीं. त्यांच्याकडून पुस्तकी विद्येची अपेक्षा फारच थोडी होती. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत फ्रेंच शाळांच्या प्रवेशाला जी परीक्षा असे, तींत उमेदवाराला प्रत्यक्ष भट्टीपुढें उभें राहून घोड्याचा नाल घडवून दाखवावा लागे. आज आपल्याला याचें हसूं येईल. परंतु त्या अटीमागें विचार होता. ज्याचा हात लोखंडाला सरावला आहे, जो घोड्याच्या पायाशीं न भितां बसूं शकतो, त्यालाच पुढचें शिकवावें, असा तो विचार. मग विद्या वाढली, तशी अट बदलली. त्याच फ्रान्समध्यें १८९० पासून प्रवेशाला माध्यमिक शिक्षणाची शेवटची परीक्षा, तेथील 'बाकालोरेआ', उत्तीर्ण झालेली असणें आवश्यक ठरलें. एका शतकाच्या आंत उंबरठ्यावरचा घण गेला आणि तेथें लेखणी आली.

इंग्लंडांत मात्र गाडी कांहीं काळ उलटी चालली. लंडनचें पशुवैद्यक महाविद्यालय १७९१ सालीं निघालें. त्याचा पहिला प्रमुख सेंबेल हा लियोंचाच विद्यार्थी. त्यानें तीन वर्षांचा अभ्यासक्रम योजिला होता. पण तो १७९३ सालींच निवर्तला. त्याच्यामागून आलेल्या कोलमन या शस्त्रवैद्यानें दार सताड उघडें टाकलें आणि अभ्यासक्रमहि इतका आंखूड केला कीं, कांहीं महिन्यांत प्रमाणपत्र घेऊन मनुष्य बाहेर पडूं लागला. विद्यार्थी वाढले, पण विद्येची प्रतिष्ठा वाढली नाहीं. त्याच सुमारास कोलमनच्या जोडीला थोडे दिवस मूरक्रॉफ्ट नांवाचा एक गृहस्थ होता. माणसांची शस्त्रक्रिया शिकून मग लियोंस जाऊन पशुवैद्यक शिकलेला हा पहिला इंग्रज. तो १८०८ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या बिहारमधील पुसा येथील अश्वपैदास-केंद्राचा प्रमुख होऊन हिंदुस्थानांत आला, आणि पुढें उत्तम घोड्यांच्या शोधांत थेट बुखाऱ्यापर्यंत गेला. लियोंच्या शाळेंतील दिवा आपल्या देशांत प्रथम आला तो असा.

इंग्लंडांतील ढिलाईची किंमत १८६५ सालीं मोजावी लागली. त्या वर्षीं परदेशांतून आणलेल्या गुरांबरोबर बुळकांड्या लंडनच्या बाजारांत शिरला आणि लाखों जनावरें दगावलीं. जॉन गॅमजी या पशुवैद्यानें याचा इशारा आधींच दिला होता. पण पशुवैद्याचा शब्द मानावा अशी त्या धंद्याची पत नव्हती. या अनुभवानंतर विद्येचें मोल लोकांना कळूं लागलें. पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजला १८४४ सालींच राजसनद मिळाली होती. १८८१ च्या कायद्यानें त्याच्या परीक्षेवांचून कोणासहि ती पदवी लावण्यास बंदी झाली. दार अरुंद झालें, आणि ही गोष्ट योग्यच झाली.

परंतु दार अरुंद करणाऱ्यांचे हात नेहमींच न्यायी असतात असें नाहीं. आयर्लंडमधील अलीन कस्ट ही तरुणी एडिंबरोस राहून पशुवैद्यकाचा सारा अभ्यास पुरा करती झाली. तिच्या शिक्षकांना तिच्या गुणांविषयीं शंका नव्हती. तरी रॉयल कॉलेजनें १८९७ सालीं तिला परीक्षेस बसूं दिलें नाहीं. कारण काय, तर ती स्त्री होती! तिनें पदवीवांचून आयर्लंडांत गुरेंघोडीं बरीं केलीं. १९१९ च्या कायद्यानें स्त्रियांवरील असे निर्बंध उठविल्यावर १९२२ सालीं, वयाच्या पन्नाशींत, तिला ती सनद मिळाली. अट विद्येची असावी, जन्माची नसावी, हा धडा त्या दाराला शिकावयास दीडशें वर्षें लागलीं.

आतां आपल्या घराकडे येऊं. आपल्या देशांतहि दार उघडलें तें याच रोगामुळें. १८६९ सालीं सरकारनें गुरांच्या महारोगाच्या चौकशीसाठीं एक आयोग नेमला, आणि त्याचा अहवाल १८७१ सालीं निघाला. त्यानंतर पशुवैद्यकाच्या शाळा एकामागून एक उभ्या राहिल्या. लाहोरची १८८२ सालीं निघाली, आणि १८८६ सालीं मुंबईस परळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानशूरपणानें तेथें बाई साकरबाईंच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय आधींच उभें होतें. जे. एच. स्टील हे महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. तेथून बाहेर पडणाऱ्यास विद्यापीठाची पदवी नव्हे, तर महाविद्यालयाची पदविका मिळे, आणि जी. बी. व्ही. सी. हीं चार अक्षरें पुढें पुष्कळ वर्षें आपल्या तालुक्यांतील दवाखान्यांच्या पाटीवर झळकत राहिलीं.

येथें कोणी विचारील कीं, जनावराच्या वैद्याला रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र कशाला? याचें उत्तर पुण्यांतच मिळतें. १८८९ सालीं पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांत जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली, डॉ. लिंगार्ड तिचे प्रमुख. १८९३ सालीं ती हिमालयांत मुक्तेश्वर येथें नेण्यांत आली. बुळकांड्याचें विष मातीच्या गाळणींतूनहि पार जाण्याइतकें सूक्ष्म आहे, हें १९०२ सालीं परदेशांत सिद्ध झालें. पुढें मुक्तेश्वरास एडवर्ड्स यांनीं तें विष शेळ्यांमधून पुन्हां पुन्हां उतरवून सौम्य केलें, आणि १९२७ च्या सुमारास त्यापासून गुरांना टोंचावयाची लस तयार झाली. हें काम कोणत्याहि भट्टीपुढें झालें नसतें. त्याला सूक्ष्मदर्शकापुढें बसलेला डोळा लागला आणि त्या डोळ्यामागें रसायन व जीवशास्त्र शिकलेली बुद्धि लागली. तो बुळकांड्या आपल्या देशांतून गेला, हें २००६ सालीं जगानें मान्य केलें. २०११ सालीं साऱ्या पृथ्वीवरून त्याचें उच्चाटन झाल्याचें जाहीर झालें. देवीनंतर मनुष्यानें समूळ नष्ट केलेला हा दुसराच रोग. दारावरील अटींनीं काय साधलें, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

विद्या अशी वाढली, तशी पदविकेची जागा पदवीनें घेतली. मद्रासचें महाविद्यालय १९३६ च्या सुमारास विद्यापीठाशीं जोडलें गेलें. पुढच्या दशकांत मुंबईसहि विद्यापीठाची पदवी आली. १९८४ च्या कायद्यानें भारतीय पशुवैद्यक परिषद स्थापन झाली आणि साऱ्या देशासाठीं किमान अटी ठरल्या. आज बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असावे लागतात. महाराष्ट्रांत 'नीट' या परीक्षेंतील गुणांवरून निवड होते, आणि मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इत्यादि ठिकाणीं साडेपांच वर्षांचा अभ्यासक्रम करावा लागतो. त्यांत एक वर्ष प्रत्यक्ष कामाचें असतें. यांपैकीं जीवशास्त्र ज्यानें सोडलें, त्याला बाकीचे गुण कितीहि असले तरी हें दार बंद असतें.

आतां तें खासगी कारण. मी खेड्यांतला मास्तर. स्वतः मॅट्रिकपलीकडे शिकलों नाहीं. माझ्याकडे एका धनगराचा मुलगा शिकत असे. बारा वर्षांचा असतांना त्यानें रात्रीं अडलेल्या म्हशीचें रेडकूं हात घालून वळवून काढलें होतें. हें मीं कंदील धरून स्वतः पाहिलें आहे. दहावीनंतर तो मला विचारावयास आला, "गुर्जी, कंचं विषय घेऊं?" गणितांत त्याला चांगले गुण होते. त्या काळीं ज्याच्या त्याच्या तोंडीं इंजिनियर हा शब्द होता. मीं मोठ्या रुबाबानें सांगितलें, "गणित घे, जीवशास्त्र सोड, बेडूक कापून काय मिळवणार?" त्यानें माझा शब्द मानला. बारावीस तो उत्तम रीतीनें उत्तीर्ण झाला, आणि मगच आम्हां दोघांना कळलें कीं, ज्या एका विद्येसाठीं तो जन्माला आला होता, तिचें दार मीं त्याच्यापुढें दोन वर्षांपूर्वींच लावून घेतलें होतें. घरीं आणखी वर्षें घालविण्याची ऐपत नव्हती. दहावीच्या बळावर पदविकेचा अभ्यासक्रम करून आज तो पशुधन पर्यवेक्षक आहे. लस टोंचतो, पावसांत वाड्यावस्त्यांवर जातो. पण निदानाच्या कागदावर सही दुसऱ्याची लागते. मागें एकदां मीं त्याची क्षमा मागितली, तेव्हां तो म्हणाला, "जाऊं द्या गुर्जी, तुमास्नी तरी कुठं ठावं हुतं?"

त्याचें हें वाक्य मला बोल लावण्यापेक्षांहि अधिक लागलें. मला ठाऊक नव्हतें, हेंच खरें. आणि ठाऊक असणें हेंच माझें काम होतें.

श्रोतेहो, प्रत्येक अट कोणत्या तरी अनर्थांतून जन्माला आलेली आहे; तिचा आदर करावा. पण जी अट शहरांतल्या मुलाला पाळण्यांत कळते आणि वाडीवरल्या मुलाला वेळ टळल्यावर कळते, ती गुणांची निवड करीत नाहीं, माहितीची करते. एके काळीं तें दार नाल घडविणाऱ्या हाताला विचारी. आज तें शिकलेल्या बुद्धीला विचारतें. ज्याच्याजवळ तो हातहि आहे आणि ती बुद्धिहि आहे, असें मूल एखाद्या गोठ्यांत वासराच्या मानेवर हात ठेवून आतांहि उभें असेल. आपल्या ओळखींत तें आलें, तर दहावीचा निकाल लागण्यापूर्वीं त्याला एवढेंच सांगा कीं, जीवशास्त्र सोडूं नकोस. मीं जें सांगावयास हवें होतें, तें माझ्या वतीनें आपण सांगा.