तालीम, कवाईत आणि प्रगतिपुस्तक

सटाण्यास मार्गशीर्षांत देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते, तेव्हां आरम नदीच्या या गांवीं कुस्त्यांचा फडहि रंगतो. मातींत उतरणाऱ्या पोराची परीक्षा हजारों डोळे घेतात व निकाल तेथल्या तेथें लागतो. पाठ मातीला लागली कीं नाहीं, एवढाच प्रश्न. तोच पोरगा सोमवारीं शाळेंत गेला म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या रकान्यांत त्याच्या नांवापुढें एक अक्षर पडतें. या अक्षराचा अर्थ काय, ही चौकशी वाचकांस क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु मुलगा काय शिकला हें ओळखावें कसें, या प्रश्नाशीं आपलीं शाळाखातीं शंभराहून अधिक वर्षें झगडत आलीं आहेत.

मल्लखांबविद्येस नवें जीवन देणारे बाळंभटदादा देवधर हे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं होते. सटाण्याहून फारशा दूर नसलेल्या सप्तशृंगीच्या डोंगरावर त्यांस ही विद्या सुचली, अशी आख्यायिका आहे. तिचें खरेंखोटें कसेंहि असो, त्या परंपरेंतली उस्तादाची पारख मात्र खरी होती. शिष्य रोज त्याच्या नजरेखालीं असे. कालची पकड आज सुधारली कीं नाहीं, हें उस्तादाला हात लावतांच कळे. लेखी नोंद नव्हती म्हणून परीक्षा नव्हती, असें समजणें चुकीचें होईल. या पारखेंत उणीव होती ती निराळीच. जो तालमींत आलाच नाहीं, त्याच्याविषयीं उस्तादास कांहीं कर्तव्य नसे. दुबळा मुलगा तिच्या कक्षेबाहेर राही. मुलीची तर गोष्टच नको.

शाळेला असें निवडून घेतां येत नाहीं. १८८२ च्या हंटर कमिशननें देशी खेळ, कसरत आणि कवाईत यांस उत्तेजन द्यावें अशी शिफारस केली खरी; पण ज्या काळीं शाळेची प्रतिष्ठा आणि अनुदान लेखन-वाचन-गणिताच्या निकालावर तोललें जाई, त्या काळीं शरीराला कोण विचारणार? कवाईतींत रांग सरळ दिसली म्हणजे झालें. रांग ही पाहण्यास सोपी असते. रांगेंतला एकेक मुलगा पाहणें कठीण.

बडोद्यास राजरत्न माणिकरावांनीं कवाईतीचे हुकूम देशी भाषेंत आणले; १९१४ मध्यें अमरावतीस वैद्य बंधूंनीं हनुमान आखाडा काढला, तोच पुढें व्यायाम प्रसारक मंडळ झाला; औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं आपल्या संस्थानांतील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. नमस्कारांस एक सोय आहे, ते मोजतां येतात. मात्र पाठीचा कणा सैल ठेवून घातलेले शंभर आणि नीट घातलेले पंचवीस यांतला फरक संख्येंत उमटत नाहीं.

तो ओळखणारा शिक्षक हवा. माणिकरावांचे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचें परीक्षण यंत्रांच्या साह्यानें आरंभलें. १९३७ मध्यें मुंबई इलाख्यांत लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावर सरकारच्या शारीरिक शिक्षण समितीचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें आणि १९३८ मध्यें कांदिवलीस शिक्षक तयार करणारी संस्था निघाली. नाशिक जिल्हा त्याच इलाख्यांतला. माझ्या मतें या इतिहासांतलें सर्वांत महत्त्वाचें पाऊल हेंच. कारण ज्यास शिकवितां येत नाहीं, त्यास तपासतांहि येत नाहीं.

पुढें १९५९-६० मध्यें राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम निघाली. धावणें, उडी, फेक यांचीं मापें ठरलीं आणि त्यांप्रमाणें एक, दोन वा तीन ताऱ्यांचीं बिल्लें मिळूं लागलीं. अमेरिकेंतहि १९५८ च्या सुमारास शाळांसाठीं अशाच चाचण्या निघाल्या होत्या. आपलीं मुलें युरोपांतील मुलांहून दुबळीं ठरलीं, या बातमीनें तो देश हादरला होता. अशा मोजमापांनीं राष्ट्राची प्रकृति कळते. शाळेनें काय शिकविलें, हें त्यांतून कळतेंच असें नाहीं. साल्हेर हा १५६७ मीटर उंचीचा किल्ला. त्याच्या पायथ्याच्या वाडींतला मुलगा चढउतार करीत शाळेंत येतो आणि धांवण्यांत सहज पहिला येतो. त्याचें श्रेय मास्तरांनीं घ्यावें काय? उलट दीर्घ आजारांतून उठलेली मुलगी वर्षभरानें एका पायावर तोल सांवरूं लागली, तर घड्याळाच्या कांट्यापुढें ती नापासच.

२० ऑगस्ट २०१० च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानें आठवीपर्यंत या विषयाचें मूल्यमापन सर्वस्वीं आकारिक, म्हणजे शिकत असतांनाच करावयाचें, असें ठरलें. सोबत वर्णनात्मक नोंदी आल्या. कल्पना उस्तादाच्या पारखेच्या जवळची आहे. पण साठ मुलांचा वर्ग आणि भरावयाचे रकाने समोर असले म्हणजे ‘खेळांत आवडीनें भाग घेतो’ हें एकच वाक्य साठ वेळां उतरतें. २०१९ पासून ‘खेलो इंडिया’च्या चाचण्यांनीं वजन, उंची, पन्नास मीटर व सहाशें मीटर धांव यांचे आंकडे पुन्हां पुढें आणले आहेत.

मी शिकत होतों तेव्हां आमच्या एका मास्तरांची लहानशी वही होती. तींत माझ्या नांवापुढें दिवाळीपूर्वींची नोंद होती: ‘कोलांटीच्या वेळीं मान आंत घेत नाहीं, भितो.’ त्याखालीं दुसऱ्या शाईनें, शिमग्याच्या सुमारास, ‘घेतो’ एवढाच एक शब्द. प्रगतिपुस्तकावर मात्र दोन्ही सत्रांत ‘ब’च होता.