कुदळ-फावड्यांनी घडलेले स्मारक

आपल्या वर्गातल्या आम्ही चौघी मैत्रिणींनी कॅम्परव्हॅनने ऑस्ट्रेलियातला ग्रेट ओशन रोड केला. व्हिक्टोरिया राज्यात टॉर्की ते अ‍ॅलन्सफर्ड, समुद्राला बिलगून जाणारा सुमारे २४० किलोमीटरचा रस्ता. फोटो तुम्ही ग्रुपवर पाहिलेच आहेत. इथे त्या रस्त्याचा इतिहास सांगते.

पूर्वी लॉर्नसारख्या गावांना बोटीने किंवा जंगलातल्या खडतर वाटेनेच जाता येई. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना काम हवे होते आणि न परतलेल्या सोबत्यांसाठी स्मारक. १९१९ साली काम सुरू झाले. सुमारे ३,००० माजी सैनिकांनी तंबूत राहून कुदळ, फावडे आणि सुरुंगांनी कडे फोडले. जिलाँगचे महापौर हॉवर्ड हिचकॉक यांनी त्यासाठी निधी उभारला. नोव्हेंबर १९३२ मध्ये पूर्ण रस्ता खुला झाला. हिचकॉक त्याच ऑगस्टमध्ये वारले होते. तरी उद्घाटनाच्या मिरवणुकीत त्यांची मोटार मानाने चालवली गेली. खर्च भागवण्यासाठी लावलेला टोल १९३६ साली बंद झाला. स्मारक मात्र आजही रोजच्या वापरात आहे.

आपल्या बॅचमधले तिघे आज आपल्यात नाहीत. त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी लावावी, असे ठरते आहे. माझी सूचना अशी, की त्याच पैशांत फाटकापासून वर्गांपर्यंतची, पावसाळ्यात चिखल होणारी वाट फरसबंद करू या. पाटी छोटी चालेल. मुले रोज त्या वाटेने वर्गात जातील.