मोहफुलांचा गुन्हा

तारापूरचा इतिहास सांगताना १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून किल्ला घेतला, या घटनेपाशी आपण बहुधा थांबतो. किल्ल्यामागच्या रानातील मोहाच्या झाडाचा इतिहास आपल्या ध्यानीमनीही नसतो. फाल्गुन-चैत्रात त्याची फुले गळतात. ती वाळवून, शिजवून वारली-कातकऱ्यांनी टंचाईचे दिवस काढले आणि लग्नकार्याला, देवाला त्यांचीच दारू गाळली.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे घरचे गाळणे गुन्हा ठरले. एवढ्याने भागेना, म्हणून १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत मोहफुलांवरच निर्बंध आले. लोकांनी पिणे सोडावे अशी सरकारची मुळीच इच्छा नव्हती. त्यांनी कर भरलेली दारू पिठ्यावर जाऊन प्यावी, एवढेच हवे होते.

१९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत मात्र विलक्षण घडले. पालघरच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांत अंगात येणाऱ्या देवीचा एक पंथ निघाला. तो उत्तरेकडे पसरत गेला आणि १९२२ मध्ये सुरत जिल्ह्यात हजारो आदिवासींनी देवीच्या आज्ञेने दारू सोडली, पारशी पिठेवाल्यांवर बहिष्कार घातला. शिपाई नव्हता, तुरुंग नव्हता. पुढे उत्साह ओसरला व पुष्कळजण पुन्हा पिऊ लागले, हेही खरेच.

मग स्वराज्याचा कायदा आला. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी सुरू झाली. मिस्सेच्या द्राक्षारसाला त्यात मुभा होती. वारल्याच्या देवापुढील दारूला ती नव्हती. उत्तरेस दमण १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे, तेथे बंदी नाही. चोरट्या मालाला वाट मिळाली. मुंबईत हातभट्टीवर वरदराजन मुदलियारसारखे लोक गबर झाले. आपल्या समाजातील काही स्त्रियांनीही घरातच गुत्ते मांडले. त्यांना ‘आंटी’ म्हणत. लिहिताना संकोच वाटतो, पण त्यांतील कितीकींना पोटासाठी दुसरा आधार नव्हता. धाड पडली की सापडत ती अशीच माणसे. भट्टीचा धनी क्वचितच.

१९६० च्या दशकात शासनाने परवाने सैल केले. विदेशी दारू शहरांत उजळ माथ्याने आली. वाळवलेल्या मोहफुलांच्या टोपलीवरील निर्बंध मात्र २०२१ मध्ये उठले.