डॉक्टरेटच्या आवेदनांतील पूर्ववृत्त : सातारच्या एका विद्यार्थ्याचे कागद

लोणंद परिसरांतील जुनीं दप्तरें पाहणाऱ्या पदवीधरांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. डॉक्टरेटच्या प्रवेशासाठीं जें निवेदन लिहावें लागतें, त्यांत आपल्या विद्याभ्यासांतील कोणत्या गोष्टी घालाव्या व कोणत्या वगळाव्या ? वरवर पाहतां हा प्रश्न इतिहासाचा नव्हे. परंतु असें निवेदन हाहि एक कागदच आहे, आणि पुढें केव्हांतरी तो साधन म्हणून वाचला जाणार आहे. सातारा जिल्ह्यांत शिकलेल्या एका विद्यार्थ्याचे कागद या दृष्टीनें तपासण्याजोगे आहेत.

सातारच्या राजवाड्यांतील सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, रजिस्टरांत 'भिवा रामजी आंबेडकर' हें नांव ता. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं १९१४ या अनुक्रमांकावर दाखल आहे. (१९१४ हा येथें सन नव्हे, नक्कल करणारांनीं जपावें.) हेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्यें बडोदें सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले व १९१६ मध्यें लंडनच्या अर्थशास्त्र-शाळेंत दाखल झाले.

त्यांचे प्रबंध क्रमानें मांडले म्हणजे एक सूत्र दिसतें. १९१६ चा हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नावरील प्रबंध, १९२१ चा लंडनच्या एम्. एस्सी.साठींचा साम्राज्याच्या वित्ताच्या प्रांतिक विकेंद्रीकरणावरील प्रबंध, आणि १९२३ मध्यें ग्रंथरूपानें निघालेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध, हे सर्व पैसा व राज्यकारभार यांच्या संबंधाचेच आहेत. निवेदनांत मुख्य जागा अशा सूत्रास द्यावी. मात्र प्रत्येक कामाचें नांव व तारीख अचूक असावी. १९१५ च्या एम्. ए. प्रबंधाचेंच पहा. धनंजय कीर यांच्या चरित्रांत त्याचा विषय प्राचीन हिंदी व्यापार हा येतो, तर महाराष्ट्र सरकारनें छापलेल्या समग्र वाङ्मयांत ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व वित्त हा प्रबंध ता. १५ मे १९१५ चा म्हणून दिला आहे. एवढ्या प्रसिद्ध पुरुषाच्या बाबतींत ही स्थिति, मग इतरांची काय कथा !

सूत्राबाहेरचीं कामें सरसकट टाकावीं, असें मात्र आम्हांस वाटत नाहीं. ता. ९ मे १९१६ रोजीं गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गांत आंबेडकरांनीं जातिसंस्थेवर निबंध वाचला व तो मे १९१७ च्या 'इंडियन अँटिक्वरी'त छापला गेला. अर्थशास्त्राच्या आवेदनांतहि त्यास एक ओळ मिळावयास हवी, कारण त्यांत स्वतंत्र निष्कर्ष आहे आणि छापील प्रत कोणासहि पाहतां येते. सातारच्या विद्यार्थिदशेंत गोणपाटावर वेगळें बसावें लागे, ही हकीकत त्यांनीं पुढें आत्मनिवेदनांत लिहिली. अशा अनुभवास आवेदनांत जागा आहे काय ? संशोधनाचा प्रश्न त्यांतून निघत असेल तर निश्चित आहे. केवळ वाचणाऱ्याच्या मनांत कणव उत्पन्न करावयाची असेल तर नाहीं.

हाच न्याय मोडी वाचनास लावावा. 'मोडीची आवड आहे' हें लिहून उपयोग नाहीं. अमुक दप्तरांतील अमुक रुमालांतले इतके कागद उतरविले, एवढें एक वाक्य पुरेसें आहे.

सर्वांत नाजूक बाब अपुऱ्या पदवीची. लंडनचे प्राध्यापक फॉक्सवेल हे आपल्या वाचकांस ग्रंथसंग्राहक म्हणून ठाऊक असतील. त्यांचा अर्थशास्त्रीय संग्रह गोल्डस्मिथ्स कंपनीनें १९०१ मध्यें विकत घेऊन १९०३ मध्यें लंडन विद्यापीठास दिला. कोलंबियाचे सेलिग्मन यांनीं आंबेडकरांची शिफारस याच फॉक्सवेल यांजकडे केली होती. या विद्यार्थ्यानें डॉक्टरची पदवी आधींच घेतली आहे, असें फॉक्सवेल यांनीं संस्थेच्या चिटणिसांस एका पत्रांत कळविलें. वस्तुतः कोलंबियाच्या नियमाप्रमाणें प्रबंधाच्या छापील प्रती दाखल झाल्यावांचून पदवी मिळत नसे. प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरील तो ग्रंथ सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह लंडनमध्यें १९२५ मध्यें छापून निघाला आणि पदवी १९२७ मध्यें मिळाली. फॉक्सवेल यांचें पत्र त्यापूर्वीं कित्येक वर्षांचें आहे. तेव्हां 'प्रबंध सादर', 'प्रबंध मान्य' व 'पदवी प्राप्त' हीं तीन पदें आवेदनांत निरनिराळीं ठेवावीं आणि प्रत्येकापुढें त्याचें वर्ष घालावें.