शय्याव्रण आणि शुश्रूषेचें शास्त्र

वैद्यकाच्या इतिहासांत देवीची लस, भूल देण्याचें औषध, जंतुनाशक द्रव्यें यांच्या शोधांस मोठा मान आहे, व तो योग्यच आहे. परंतु कांहीं शोध असे असतात कीं, त्यांत नवें औषध नसतें कीं नवें शस्त्र नसतें. सर्वांच्या डोळ्यांसमोर असलेली गोष्टच कोणी तरी मोजून दाखविलेली असते. वृद्धांच्या शुश्रूषेच्या इतिहासांतील असा एक शोध शय्याव्रणाविषयीं आहे. दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या माणसाच्या माकडहाडास, कमरेच्या बाजूस व टाचेस जी जखम पडते, तिला शय्याव्रण म्हणतात. ज्या घरांत अर्धांगानें पडलेले आजोबा किंवा मांडीचें हाड मोडलेली आजी आहे, त्या घरास या जखमेची निराळी ओळख करून देण्याचें कारण नाहीं.

या व्रणाच्या कारणाविषयीं एकोणिसाव्या शतकांत दोन मतें होतीं. पॅरिस येथील साल्पेत्रियेर रुग्णालयांत हजारों वृद्ध व निराधार स्त्रिया राहत. तेथील डॉ. शार्को हे मज्जातंतूंच्या रोगांचे जगन्मान्य पंडित. वार्धक्यांतील रोगांवरहि त्यांनीं व्याख्यानें दिलीं आहेत. त्यांचें म्हणणें असें कीं, मेंदूस अथवा मज्जारज्जूस इजा झाली म्हणजे त्वचेचें पोषण बिघडतें व त्यांतून हा व्रण उद्भवतो. तो बहुधा मरणाची पूर्वसूचनाच होय. उलट फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीं १८६० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकांत याचा दोष रोगाकडे नसून बहुतेक वेळां शुश्रूषेकडे असतो, असा स्पष्ट अभिप्राय दिला.

पहिल्या मतानें हात गळून पडत. दुसऱ्यानें माना खालीं जात. ज्या परिचारिकेच्या रुग्णास व्रण झाला, तिच्या नांवास बट्टा लागे. म्हणून ती बिचारी साबण, स्पिरिट, जें हातीं येईल तें घेऊन रुग्णाची पाठ चोळीत बसे. या चोळण्याचा खरोखर उपयोग होतो काय, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाहीं. लाज वाटूं लागली म्हणजे माणूस झांकूं पाहतो, आणि झांकलेल्या गोष्टीची मोजदाद होत नाहीं.

हें चित्र पालटण्यास आधीं वृद्ध रुग्णांकडे पाहण्याची दृष्टि बदलावी लागली. १९३५ सालीं लंडननजीकच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारचें गरिबांच्या कायद्याखालील इस्पितळ आलें, व तेथील ७०० हून अधिक रुग्णांचा भार डॉ. मार्जरी वॉरेनबाईंवर पडला. वर्षानुवर्षें निजून असलेल्या या म्हाताऱ्यांस त्यांनीं एकेक करून तपासलें, त्यांची वर्गवारी केली आणि पुष्कळांस उठवून चालतें केलें. ‘वय झालें’ हें रोगाचें निदान नव्हे, हें त्यांनीं कृतीनें सिद्ध केलें.

त्याच भूमीवर डोरीन नॉर्टन या परिचारिकेनें आपलें काम उभारलें. रुग्णालयांतील वृद्धांच्या शुश्रूषेविषयींचा त्यांचा अहवाल १९६२ सालीं बाहेर पडला. रोडा मॅक्लॅरेन व डॉ. एक्स्टन-स्मिथ हे त्यांचे सहकारी होते. नॉर्टनबाईंनीं रुग्णाची शारीरिक प्रकृति, मनाची अवस्था, हिंडण्या-फिरण्याची शक्ति, अंथरुणांत हालचाल करण्याची शक्ति आणि मलमूत्रावरील ताबा अशीं पांच अंगें ठरविलीं. प्रत्येकास १ ते ४ गुण. सर्व मिळून २०. ज्याची बेरीज १४ किंवा त्याहून कमी, त्यास व्रणाचा धोका आहे असें समजावें. गुण जों जों कमी, तों तों व्रण अधिक, असा संबंध त्यांस आढळला. नाना प्रकारचे लेप चोळण्यापेक्षां रुग्णास वारंवार कुशीवर वळविणें अधिक गुणकारी आहे, हेंहि दिसून आलें.

याचें मर्म डॉ. एक्स्टन-स्मिथ यांच्या १९६१ च्या एका निबंधांत सांपडतें. निरोगी माणूस झोपेंत नकळत अनेकदां कूस बदलतो, म्हणून हाडाखालील मांसाचा रक्तपुरवठा फार वेळ कोंडत नाहीं. त्यांनीं यंत्राच्या साहाय्यानें वृद्ध रुग्णांच्या रात्रींच्या हालचाली मोजल्या. ज्यांची हालचाल रात्रभरांत २० वेळां किंवा त्याहून कमी झाली, त्यांच्यापैकीं शेंकडा ९० जणांस व्रण झाले. ५० हून अधिक वेळां हलणाऱ्यांत एकासहि झाला नाहीं. म्हणजे म्हाताऱ्याचें शरीर जें स्वतः करूं शकत नाहीं, तें दुसऱ्याच्या हातानें करून देणें हीच येथील शुश्रूषा होय.

नॉर्टनबाईंच्या श्रेणीस पुढें धाकटीं भावंडें झालीं: इंग्लंडांत १९८५ सालीं वॉटरलो यांची, अमेरिकेंत १९८७ सालीं ब्रेडन व बर्गस्ट्रॉम यांची. परंतु नुसते गुण मांडल्यानें व्रण कमी होतात, असें पुढील चिकित्सक परीक्षणांत निर्विवाद ठरलेलें नाहीं. दर दोन तासांनीं कूस बदलण्याचा नियमहि तपासणींतून सुटला नाहीं. अमेरिका व कॅनडा येथील वृद्धांच्या शुश्रूषागृहांत बर्गस्ट्रॉम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेल्या, २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, चांगल्या प्रतीची फोमची गादी असल्यास दोन, तीन वा चार तासांच्या अंतरानें वळविलेल्या रुग्णांच्या व्रणांत म्हणण्यासारखा फरक पडत नाहीं. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण रात्रीं दर दोन तासांनीं ज्याची झोप मोडते, त्या जिवास विचारावें! अर्थात् हा निष्कर्ष त्या गादीपुरता आहे. कठीण बिछान्यावर पडलेल्या माणसास तो लावून आपण निश्चिंत होणें योग्य नव्हे.

आपल्याकडे वडीलधाऱ्यांची सेवा हें पुण्य मानितात, आणि तें सोसणाऱ्या घरच्या सुनेस किंवा लेकीस शाबासकी देऊन मोकळे होतात. तिला रात्रीं पाळी कोण देतो, गादी कशी आहे, म्हाताऱ्याची टाच शेवटीं कोणी व केव्हां पाहिली, हे प्रश्न राहूनच जातात. नाइटिंगेलबाईंनीं दोष दाखविला, तो निष्फळ नव्हता. परंतु त्यानें एकट्या परिचारिकेस अपराधी केलें. नॉर्टनबाईंनीं त्याच जागीं एक वही ठेविली, आणि जखम पडण्यापूर्वींच जागें होण्याची सोय केली. ज्या घरांत कोणी अंथरुणास खिळला असेल, तेथें भक्तीच्या जोडीस अशी एक वहीहि असावी.