सावित्रीवरचा पूल

एस. टी. महाड सोडून पोलादपूरच्या वाटेला लागली, की माझी आई कनवटीची पुरचुंडी सोडून एक नाणे हातात धरून बसे. पुढे पूल आला की "सावित्री आली, हात जोड" असे म्हणून ते नाणे ती खिडकीतून नदीत टाकी. नाणे कठड्यावर आपटून परत रस्त्यावर पडल्याचेही मी पाहिले आहे! असो.

ही सावित्री महाबळेश्वरची लेक. कृष्णा, कोयना आणि वेण्णा पूर्वेला देशावर गेल्या. हिने पश्चिमेचा कडा उतरून बाणकोटच्या खाडीचा रस्ता धरला. वाट थोडी आणि उतार फार. त्यामुळे वर घाटमाथ्यावर पाऊस कोसळला, की खाली महाडला पाणी चढायला वेळ लागत नाही. त्यातच खाडीला भरती असली तर ते ओसरतही नाही.

अशा नदीवर इंग्रजांच्या अमदानीत, १९२८ साली, दगडी कमानींचा पूल झाला. आदल्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकरांनी याच महाडात चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. कोकणी माणसाची मुंबई तेव्हा आगबोटीची होती. तो पूल बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर आजच्या अवजड मालमोटारी कोठून असणार? तरीही जवळजवळ नव्वद वर्षे त्याने भार वाहिला.

कमान कशी उभी राहते, हे मी वर्गात मुलांनाच उभे करून शिकवतो. दोघांनी समोरासमोर उभे राहून तळव्याला तळवे लावायचे आणि पुढे झुकायचे. दोघेही पडू पाहतात, म्हणूनच कोणी पडत नाही. दगडाचेही तेच. त्याला ओढ सोसत नाही, दाब मात्र हवा तितका सोसतो. वरून गाडी गेली की कमानीतले दगड एकमेकांना अधिकच घट्ट धरतात. ओळीने अनेक कमानी असल्या, की मधल्या खांबाला दोन्हीकडच्या कमानी सारख्याच रेटतात, आणि तोही तोल सांभाळून उभा राहतो. मग मी हळूच एका मुलाला बाजूला घेतो. शेजारची मुले धडाधड अंगावर येतात, वर्गात हशा पिकतो.

पुलाच्या बाबतीत हा बाजूला होणारा मुलगा म्हणजे खांब. पुराचे पाणी खांबाला अडले की भोवरे घेत त्याच्या पायथ्याशी तळ उकरू लागते. वर डांबर गुळगुळीत, कठडा शाबूत. खाली मात्र पाया उघडा पडत असतो. पूर ओसरताना तोच खळगा गाळाने पुन्हा भरून निघतो, आणि पाहणाऱ्याला तळ पूर्वीसारखाच दिसतो.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीला महापूर आला होता. शेजारी नवा पूल होता, पण मुंबईकडे जाणारी वाहने जुन्यावरूनच जात. जयगड आणि राजापूर भागांतून निघालेल्या दोन एस. टी. गाड्या आणि एक मोटार त्या अंधारात पुलाकडे आल्या, आणि पुढे पूल नव्हता. जवळच्या गॅरेजमधील एका माणसाच्या ते ध्यानात आले, म्हणून मागची वाहने तरी थांबली. नदीत तीनशे किलोचे लोहचुंबक सोडून गाड्यांचा शोध घ्यावा लागला. पहिल्या गाडीचा सांगाडा हाती लागायला आठवडा उलटून गेला. काही मृतदेह तर दूर समुद्रकिनाऱ्यावर मिळाले. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असे सरकारने सांगितले. पाहणारे प्रामाणिक असतील, मला शंका घ्यायची नाही. पण मास्तर म्हणून एक विचारावेसे वाटते : पाण्याखाली कोण उतरले होते?

महिन्याभरात गणपती आले. चाकरमानी शेजारच्या एकाच पुलावरून गावी गेले. पुढे १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये तो खुला झाला. इतक्या झपाट्याने काम होऊ शकते, याचे कौतुक वाटले, आणि थोडा रागही आला.

आई आता थकली आहे. त्यानंतर प्रथमच गावी जाताना तिने नाणे टाकले. पण "हात जोड" म्हणाली नाही. पूल संपेपर्यंत माझे मनगट तेवढे घट्ट धरून बसली.